उतावळा स्वभाव आणि पहिला पेला

मुलगा अल्पवयात दारू पिऊ लागल्याचे उघडकीस आले म्हणजे घरातील वडील मंडळी बहुधा संगतीला दोष देतात, आणि तो दोष सर्वस्वी खोटा असतो असेही नाही. परंतु त्याच गल्लीत, त्याच वर्गात, त्याच मित्रमंडळात वावरणाऱ्या अनेक मुलांपैकी एखाद्यानेच चौदाव्या वर्षी पेला तोंडाला लावावा आणि बाकीच्यांनी तो टाळावा किंवा पुढे ढकलावा, असे का घडते, याचे उत्तर एकट्या संगतीत सापडत नाही. त्या उत्तराचा मोठा भाग मुलाच्या स्वभावात असतो. मनात ऊर्मी उठली की ती ऊर्मी आणि प्रत्यक्ष कृती यांच्यामध्ये विचाराला क्षणभर उभे राहण्यापुरतीही जागा न ठेवणारा जो स्वभाव, त्याला आपण उतावळेपणा म्हणतो आणि मानसशास्त्राचे अभ्यासक आवेगशीलता म्हणतात. मद्यपानाची सुरुवात लवकर होण्यामागची जी कारणे देशोदेशींच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा पुढे आली आहेत, त्यांत या आवेगशीलतेचे स्थान फार वरचे आहे. प्रस्तुत लेख अशा मुलांच्या आईवडिलांसाठी, आजीआजोबांसाठी आणि शिक्षकांसाठी लिहिला आहे, आणि त्यात सांगावयाची मुख्य गोष्ट ही की, उतावळ्या मुलाचे रक्षण उपदेशाने फारसे होत नाही. त्याच्यासाठी प्रसंगाच्या आधीच तजवीज करून ठेवावी लागते.

उतावळेपणा म्हटले की सामान्यतः एकाच प्रकारचे मूल डोळ्यांपुढे येते. वस्तुतः त्याचे प्रकार निरनिराळे आहेत, आणि त्यांचा भेद ओळखल्याशिवाय इलाज नेमका होत नाही. व्हाइटसाइड आणि लायनम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००१ साली या स्वभावाची जी फोड केली, ती येथे उपयोगी पडते. काही मुले परिणामांचा विचार न करता बोलतात व वागतात. काहींना हाती घेतलेले काम तडीस नेण्याचा धीर नसतो. काहींना नवेपणाची, वेगाची, थराराची अनावर ओढ असते. आणि काही मुले एरवी समंजस दिसतात, परंतु राग, अपमान किंवा दुःख यांचा जोर वाढला की त्यांचा स्वतःवरचा ताबा सुटतो. पुढील संशोधकांनी या शेवटच्या प्रकारात हर्षाचीही भर घातली, कारण माणसाचा तोल दुःखात जातो तसा आनंदाच्या भरातही जातो. सर्वसाधारणपणे असे आढळते की थराराची ओढ असलेली मुले कुतूहलापोटी लवकर चव घेऊन पाहतात, तर भावनेच्या भरात वाहून जाणारी मुले एकदा सुरुवात झाल्यावर अधिक अडचणीत येतात.

या शेवटच्या प्रकाराकडे पालकांचे लक्ष सर्वांत कमी जाते, म्हणून त्याविषयी विस्ताराने लिहिणे अवश्य आहे. चांगले गुण मिळवणारा, मोठ्यांना उलट उत्तर न देणारा मुलगा दहावीच्या निकालाच्या संध्याकाळी, कबड्डीचा सामना जिंकल्यावर, विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोलताशांच्या गजरात तासन्‌तास नाचल्यावर, चुलतभावाच्या हळदीच्या रात्री किंवा एकतीस डिसेंबरला कुणाच्या तरी गच्चीवर पहिल्यांदा पितो, आणि दुसऱ्या दिवशी घरच्यांना ते खरेच वाटत नाही. त्याचप्रमाणे चार पाहुण्यांदेखत बापाने केलेली निर्भर्त्सना, मैत्रिणीने तोडलेला संबंध किंवा नापासाचा निकाल हातात पडल्यानंतरचे पहिले दोनतीन तास हेही तितकेच धोक्याचे असतात. ‘आमचा मुलगा तसा नाही’ हे वाक्य अशा वेळी आईवडील अगदी प्रामाणिकपणे उच्चारतात, आणि इतर तीनशे चौसष्ट दिवसांपुरते ते खरेही असते. मुलींच्या बाबतीत तर घरच्यांना शंकाही येत नाही. परंतु हा स्वभाव मुलींमध्येही असतो, आणि महाविद्यालयात शिकावयास शहरात आलेल्या मुलींपुढे प्रसंगही तेच येतात.

किशोरवयात हा धोका वाढावा याला शरीराच्या वाढीत आधार आहे. सुख, उत्तेजना आणि बक्षीस यांना प्रतिसाद देणारी मेंदूतील यंत्रणा वयात येताना जोमाने जागी होते. उलटपक्षी, आवर घालणारा, पुढचामागचा विचार करणारा जो मेंदूचा पुढचा भाग, त्याची परिपक्वता विशीच्या मध्यापर्यंत चालूच राहते. त्यातच समवयस्कांच्या उपस्थितीची भर पडते. गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी २००५ साली मोटार चालवण्याचा एक संगणकीय खेळ वेगवेगळ्या वयाच्या व्यक्तींना खेळावयास दिला; तेव्हा मित्र शेजारी असताना किशोरवयीन मुलांनी एकटे असतानापेक्षा पुष्कळच अधिक धोका पत्करला, प्रौढांच्या वागण्यात मात्र तसा फरक फारसा पडला नाही. यावरून पालकांनी एक गोष्ट मनाशी पक्की धरावी: घरी, शांत वेळी, आईसमोर मुलाने दिलेले वचन खोटे नसते. ते देणारे मन आणि रात्री अकरा वाजता सहा मित्रांच्या घोळक्यात ‘एकदा चव तर बघ’ हे शब्द ऐकणारे मन, ही दोन्ही त्याचीच असली तरी त्यांची अवस्था एक नसते. वचन मोडले म्हणून त्याला लबाड ठरवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. आणि नुसत्या वचनावर विसंबून राहणे ही आपली कसूर आहे.

आता कुणी विचारील की, आज ना उद्या पिणारच असेल तर दोनचार वर्षे आधी काय आणि मागाहून काय? फरक फार मोठा आहे. अमेरिकेत १९९२ साली झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीच्या आधारे ग्रँट आणि डॉसन यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले की, पंधरा वर्षे पूर्ण होण्याआधी पिण्यास सुरुवात करणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक आयुष्यात केव्हा ना केव्हा मद्याच्या पूर्ण अधीन झाले, तर विशी गाठल्यानंतर सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. परक्या देशाचा दाखला म्हणून हे बाजूला सारण्याचे कारण नाही, कारण आपल्या शेजारच्या गोव्यात पुरुषांच्या मद्यपानाचा जो अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला, त्यात असे दिसले की, १९५६ ते १९६० या काळात जन्मलेल्यांपैकी १९.५ टक्क्यांनी किशोरवयात पिण्यास आरंभ केला होता, आणि १९८१ ते १९८५ या काळात जन्मलेल्यांत हेच प्रमाण ७४.३ टक्क्यांवर गेले होते. शिवाय किशोरवयात आरंभ करणाऱ्यांमध्ये पुढे व्यसनाधीनता, दुखापती आणि मानसिक त्रास अधिक होता. एका पिढीच्या अवधीत झालेला हा पालट मन विषण्ण करणारा आहे. अर्थात लवकर केलेली सुरुवात आणि पुढचे व्यसन यांच्यातील सर्व संबंध कार्यकारणाचाच आहे असे म्हणता येणार नाही. ज्या उतावळ्या स्वभावामुळे मूल लवकर पिते, तोच स्वभाव त्याला पुढे व्यसनाकडेही ओढतो. परंतु वाढत्या मेंदूवर मद्याचा होणारा परिणाम ध्यानी घेता, पहिला पेला जितकी वर्षे लांबेल तितका लाभच आहे, आणि उतावळ्या मुलाच्या बाबतीत तर तो लांबवणे हेच आपले पहिले कर्तव्य आहे.

मात्र हा स्वभाव म्हणजे मुलाच्या कपाळी लिहिलेला लेख नव्हे. न्यूझीलंडमधील डनेडिन या शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारावर मुलांचा जन्मापासून पाठपुरावा करणारा एक विख्यात अभ्यास चालू आहे. लहानपणी ज्यांचा आत्मसंयम कमी होता, त्यांच्या वाट्याला बत्तिसाव्या वर्षापर्यंत व्यसने, अनारोग्य आणि पैशाच्या अडचणी अधिक आल्या, हे त्यात आढळले. परंतु ज्या मुलांचा संयम वाढत्या वयाबरोबर सुधारला, त्यांची स्थिती अपेक्षेपेक्षा चांगली झाली, हेही त्याच अभ्यासाने सांगितले. पालकांना या दुसऱ्या निष्कर्षाची गरज अधिक आहे. वास्तविक जो मुलगा विचार न करता पुढे सरसावतो, तोच बुडणाऱ्याला वाचवण्यासाठी प्रथम पाण्यात उडी घेतो. त्याच्यातील ही उमेद मोडून काढावयाची नाही, तिला वळण द्यावयाचे आहे. ‘तू असाच आहेस’ असे त्याला ऐकवत राहिले तर ते वळण मात्र हटकून बिघडते.

मग करावे काय? आरंभ स्वतःच्या कपाटापासून करावा. घरात दारू असेल तर ती कुलपात असावी, आणि बाटलीतील पातळी किती याची आठवण आपल्याला असावी. ‘बाहेर चोरून पिण्यापेक्षा आमच्यासमोर थोडी घेतलेली बरी’ असा एक समज सुशिक्षित घरांत अलीकडे रूढ होत आहे. तो चुकीचा आहे, असे निःसंदिग्धपणे सांगणे मला अगत्याचे वाटते. ऑस्ट्रेलियातील मॅटिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे १९०० मुलांची सहा वर्षे पाहणी करून २०१८ मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यांत आईवडिलांनी दिलेल्या दारूने मुलांचे कोणतेही रक्षण होत असल्याचे आढळले नाही. उलट अशा मुलांना इतरांकडून दारू मिळण्याचा संभवही वाढला. वडील स्वतः पीत असतील तर त्यांनी निदान इतके पथ्य पाळावे की, आणावयास किंवा पेला भरावयास मुलाला सांगू नये, आणि ‘आज फार ताण झाला, आता बसावेच लागेल’ हे वाक्य त्याच्या कानावर पडू देऊ नये. कारण भावनेचा भार हलका करण्याचा मार्ग म्हणजे पेला, हा धडा उतावळे मूल फार लवकर उचलते.

दुसरी तजवीज निर्णयाची. उतावळ्या मुलाला ऐन प्रसंगी विचार करावयास सांगणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणावयास सांगणे होय. त्याचा निर्णय आधीच, आणि तोही नेमक्या शब्दांत झालेला असावा. जर्मन मानसशास्त्रज्ञ गोल्विट्झर यांनी दाखवून दिले आहे की, ‘मी पिणार नाही’ असा मोघम निश्चय करण्यापेक्षा ‘जर कुणी पेला पुढे केला, तर मी अमुक म्हणेन आणि अमुक करीन’ अशी जर-तरची योजना मनात पक्की असली म्हणजे ती अमलात येण्याची शक्यता पुष्कळ वाढते. म्हणून सहलीच्या, वरातीच्या किंवा मित्राच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, जेवताना सहज बोलावे तसे मुलाशी बोलावे: कोण कोण असणार आहे, काय काय पुढे येऊ शकेल, आणि आले तर तू काय म्हणशील? वाक्य त्याचे त्यालाच बनवू द्यावे. ‘उद्या सकाळी सराव आहे’, ‘बाबा न्यायला येणार आहेत’, ‘मला गोळ्या चालू आहेत’, असे कोणतेही वाक्य चालेल. ते थोडक्यात असावे, चारदा मोठ्याने म्हटलेले असावे, आणि ते म्हटल्यावर लगेच हातात सरबताचा पेला घेणे किंवा जागेवरून उठणे यांसारखी कृती त्याला जोडलेली असावी. आपल्या नावाचे निमित्त करून सुटण्याची मुभा मुलाला खुशाल द्यावी. कडक बापाची सबब सांगून मुलगा घोळक्यातून बाहेर पडत असेल, तर त्या बापाने ती बदनामी आनंदाने सोसावी.

याला जोडूनच घरात एक करार असावा, आणि तो मोठ्यांनी अक्षरशः पाळावा. रात्री कितीही वाजता मुलाने फोन करून ‘मला घ्यायला या’ असे म्हटले, तर कुणीतरी जाईल आणि त्या रात्री एकही प्रश्न विचारला जाणार नाही. जी विचारपूस करावयाची ती दुसऱ्या दिवशी, सर्वांची झोप झाल्यावर होईल. ही शिथिलता आहे असे काहींना वाटेल. परंतु घरी गेल्यावर मार मिळेल या भीतीने प्यायलेल्या मित्राच्या दुचाकीवर मागे बसलेल्या मुलाचा विचार त्यांनी करून पाहावा.

पाळत ठेवण्याविषयी पालकांचा फार गैरसमज असतो. मूल कुठे आहे, कुणाबरोबर आहे, केव्हा परतणार आहे, हे घरच्यांना ठाऊक असणे हे मोठे संरक्षण आहे यात संशय नाही. परंतु स्वीडनमध्ये स्टॅटिन आणि केर यांनी २००० साली जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यावरून दिसते की, पालकांना ही माहिती मुख्यतः मुलांनी आपण होऊन सांगितल्यामुळे मिळते, तपासणीने फारच थोडी. तेव्हा मोबाइल हिसकावून संदेश वाचण्यापेक्षा, मुलाने एखादी अप्रिय गोष्ट सांगितली असता आपला चेहरा आणि आवाज ताब्यात ठेवणे अधिक फलदायी ठरते. मारहाणीने तर काहीच साधत नाही. रागाच्या भरात हात उचलणारा बाप मुलाला ज्या दोषासाठी शिक्षा करतो, त्याच दोषाचे प्रात्यक्षिक त्याला देत असतो. शिक्षा द्यावीच लागली तर ती लहान, ताबडतोब आणि आधी सांगून ठेवलेली असावी. ‘वर्षभर बाहेर जायचे नाही’ असे फर्मान तिसऱ्या दिवशी आपणच मोडतो, आणि मग पुढच्या ताकिदीला वजन राहत नाही.

दारूच्या दुष्परिणामांविषयी बोलावे, परंतु वीस वर्षांनी खराब होणाऱ्या यकृताचे भय उतावळ्या मुलाला घालू नये. दूरचा तोटा त्याच्या तराजूत उतरतच नाही. त्याऐवजी जवळचे बोलावे: सर्वांसमोर होणारी वांती, कुणीतरी काढलेले आणि गावभर फिरलेले चित्रण, हुकलेली निवड चाचणी, पडलेली गाडी. थराराची ओढ असलेल्या मुलाचा थरार हिरावून घेऊ नये, दुसरा द्यावा. सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्यांना त्याची वाण नाही; गिर्यारोहण, मल्लखांब, पोहणे, कुस्ती, नाटकाची तालीम, ढोलपथक, यांपैकी काहीही चालेल. मात्र केवळ मैदानावर पाठवले म्हणजे काम झाले असे समजू नये, कारण विजयोत्सवाच्या निमित्ताने संघातील थोरली मुलेच धाकट्यांच्या हाती बाटली देतात. म्हणून प्रशिक्षकाशी या विषयावर उघड बोलून ठेवावे. भावनेच्या भरात वाहून जाणाऱ्या मुलाला याउलट थांबण्याची सवय लावावी लागते. राग आला की जागा सोडून दहा मिनिटे चालून येणे, मनातले एका ठरलेल्या माणसाला फोनवर सांगणे, यांसारखे साधे उपाय शांत दिवसांत गिरवून घ्यावेत. अपुऱ्या झोपेने सर्वांचाच संयम सैल होतो; या मुलांचा तर पुरता सुटतो. आणि सणासुदीच्या रात्री खिशात गरजेपुरतेच पैसे असावेत, ही जुन्या पिढीची खबरदारी आजही बिनचूक आहे.

उतावळेपणा शाळेच्या पहिल्या इयत्तांपासूनच फार तीव्र असेल, मूल क्षणभर स्थिर बसत नसेल, रांगेत स्वतःची पाळी येईपर्यंत थांबू शकत नसेल आणि घरी व शाळेत दोन्हीकडे तीच तक्रार असेल, तर ज्याला एडीएचडी म्हणतात तो विकार आहे की काय, याची तपासणी मानसोपचारतज्ज्ञाकडून करून घ्यावी. औषधांची सवय लागेल या धास्तीने उपचार टाळणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. तज्ज्ञाच्या देखरेखीखाली घेतलेल्या उपचाराने पुढे व्यसनाचा धोका वाढतो, असे अभ्यासांतून आढळलेले नाही. शाळांनीही या बाबतीत भाषणांपलीकडे जाणे जरूर आहे. पॅट्रिशिया कॉनरॉड यांनी आखलेल्या एका पद्धतीत आवेग, थराराची ओढ, चिंता आणि निराशा अशा चार स्वभावांनुसार मुलांचे लहान गट करून प्रत्येक गटाच्या दीडदीड तासाच्या अवघ्या दोन बैठका घेतल्या जातात, आणि त्यांत दारूपेक्षा स्वतःच्या स्वभावाला हाताळण्याविषयीच अधिक बोलले जाते. लंडनमधील शाळांत प्रशिक्षित शिक्षकांनी ही पद्धत वापरली असता पुढील दोन वर्षांत मुलांचे पिणे कमी आढळले. हुशार मुख्याध्यापकांना हे आपल्या शाळेत करून पाहण्यास फार मोठा खर्च येऊ नये.

इतके करूनही मूल एखाद्या रात्री पिऊन घरी आले, तर त्या रात्री वाद घालू नये. ते शुद्धीवर असेल तर पाणी देऊन, कुशीवर झोपवून, कुणीतरी जवळ बसावे. हाका मारूनही ते जागे होत नसेल, श्वास मंद किंवा अनियमित असेल, अंग गार वा ओठ निळसर पडले असतील, झटके येत असतील, तर ते झोपून उतरेल अशी आशा न धरता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तोपर्यंत त्याला एकटे सोडू नये, कॉफी किंवा लिंबू पाजू नये आणि मुद्दाम वांती करवू नये. बातमी दवंडीसारखी पसरेल या अब्रूच्या भयाने रुग्णालय टाळणे जिवावर बेतू शकते. दुसऱ्या दिवशी बोलताना पहिला प्रश्न ‘का प्यालास?’ हा नसावा, कारण त्याचे उत्तर बहुधा त्यालाही ठाऊक नसते. पेला हातात येण्याच्या आधीच्या अर्ध्या तासात काय काय घडले, हे त्याच्याकडून क्रमाने समजून घ्यावे. पुढच्या वेळची जर-तरची योजना त्यातूनच तयार होते. असे प्रसंग पुन्हा घडू लागले, एकट्याने पिणे सुरू झाले किंवा घरातील पैसे नाहीसे होऊ लागले, तर विलंब न लावता समुपदेशकाची मदत घ्यावी. पुण्यात १९८६ साली अनिल अवचट आणि डॉ. सुनंदा ऊर्फ अनिता अवचट यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या मुक्तांगणसारख्या संस्थांनी व्यसनमुक्तीचे काम कुटुंबाला बरोबर घेऊनच केले आहे, आणि त्यांच्या दाराशी जाण्यात कोणत्याही घराला कमीपणा नाही.

शेवटी एक गोष्ट घराबाहेरची. उतावळ्या मुलाच्या हातून चूक घडते ती दारू सहज हाताशी असते म्हणून. महाराष्ट्रात सौम्य बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षांची वयोमर्यादा आहे. आणि अठरा वर्षांखालील मुलाला दारू देणाऱ्यास २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७७ अन्वये सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हा कायदा दुकानदाराला लागू आहे तसाच हळदीच्या रात्री पुतण्याच्या हाती पेला देणाऱ्या काकालाही लागू आहे. वाचकांना माझी विनंती आहे की, आपल्या वस्तीत शाळकरी मुलांना दारू विकली जात असेल तर चार पालकांनी मिळून, तारीखवार तपशिलासह, पोलीस ठाण्यात आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे लेखी तक्रार द्यावी व तिची पोच घ्यावी. मुलाविषयी सल्ला हवा असल्यास व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मानसिक आरोग्यासाठी १४४१६ आणि संकटातील बालकांसाठी १०९८ हे शासकीय दूरध्वनी क्रमांक आहेत. या तिन्हींना शुल्क लागत नाही.